तीन कडू

ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन.
तिघंही कडू. मधलं जरा सौम्य, असं मेर्वीचं म्हणणं;
माझी जीभ त्या फरकापर्यंत पोचत नाही.
डब्यात लिंबाचा वास घातलाय,
पण वास विरला की कडूपणा मागून येतो,
शर्यत संपल्यावर पाय दुखायला येतात, तसा.

मी ढवळते. पूड बुडत नाही.
वरच तरंगते, हट्टी,
मार्चमधल्या त्या भुसभुशीत बर्फासारखी
ज्यावर स्की धड धावत नाही आणि धड रुतत नाही.

बाबा खिडकीशी बसून बघायचे.
आधी कुऱ्हाड, मग करवत, मग जंगलातलं ते अजस्र यंत्र,
अशी चाळीस वर्षं;
आणि रविवारी, विसावा म्हणून, तीस किलोमीटर लाकडी स्कीवर,
खिशात राईचा पाव, फडक्यात बांधलेली चरबी.
"कशापासून करतात हे?"
पूर्वी पिसांपासून काढायचे म्हणे, मी सांगितलं,
बदकांच्या. आता मक्याच्या साखरेवर जिवाणू पोसतात.
"म्हणजे आंबवलेलंच.
मग आमच्या पावानं काय घोडं मारलं होतं?"
गुरुवार होता. त्यांनी वाटाण्याचं सूप पुढं सरकवलं,
चमचा उभा राहील इतकं दाट, कडेला मोहरीचा ठिपका.
त्यात तेच तिघं होते,
कुणी न मोजलेले.

वुओकात्तीच्या चढावर मांडीचे तंतू उसवतात,
रात्री कुणीतरी आतून टाके घालत बसतं.
त्याला दोरा कमी पडू नये, एवढंच माझं म्हणणं.
रौनो, आमचा प्रशिक्षक, खांदे उडवतो:
"नीट जेवतेस? आठ तास झोपतेस?
मग ही पूड म्हणजे भरल्या कणगीवर आणखी एक मूठ."
त्याचं खरं असेल.
तरी सत्ताविसाव्या किलोमीटरला, श्वास शिट्टीसारखा वाजताना,
आपण आपल्यासाठी काहीतरी केलंय
हे आठवायला मला तो कडू घोट लागतो.
त्या हंगामात मी एकदा चौदावी आले.
बाकी वेळा विचारू नका.

नोव्हेंबरात बर्फ पडलंच नाही, नुसती काच पसरली.
लाकडांच्या खोपीकडे जाताना बाबा पडले.
खुबा.
कायानीच्या रुग्णालयात पाच आठवडे;
पांघरूण सारलं तेव्हा त्यांची मांडी
माझ्या दंडाएवढी होती,
आणि मी पटकन पांघरूण परत ओढलं,
जणू मी काही चोरून पाहिलं होतं.

फिजिओथेरपिस्ट पोरगेली होती, कानात लाल मणी.
तिनं कागद दिला: खुर्चीतून उठणं, दहा वेळा, दिवसातून तीनदा.
आणि खाली, दोन रेघा मारून,
माझ्याच डब्यावरचं पहिलं नाव.
मी हसले नाही.
त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर पहिला घोट तोंडात धरून
ते बराच वेळ बसले. मग गिळला.
"पिसं," म्हणाले.
"मक्का," मी म्हणाले.
"पिसंच."
दुसऱ्या दिवशी, मी फळीवर सरावाला गेले असताना,
त्यांनी चमचाभर पूड सूपात ओतली;
पूर्ण पातेल्यात. दोघांनाही पुरेल इतकी.
ते कडू सूप आम्ही मोहरी वाढवत वाढवत संपवलं.

आता मी मोजते, ते उठतात.
चार. टेबलाची कड धरून पाच.
सहाला गुडघा थरथरतो, मी हात पुढं करत नाही,
कारण केला तर ते ओरडतात.
सात.
आठव्याला उठले ते खाली बसेचनात.
खिडकीबाहेर बघत, एका हातानं कड धरून,
म्हणाले,
"लाकडं उघडीच आहेत. कुणी झाकली नाहीत."
मी आकडा विसरले.